‘नंतर’ म्हणजे नेमकं कधी?

गेल्या अंकात सहज दोन ओळी टाकल्या होत्या : ‘फोन किंवा कंप्युटर अपडेट करा म्हणतो तेव्हा तुम्ही काय करता, कळवा.’ एरवी या सदराला महिन्याला सात-आठ पत्रं येतात. या वेळी मोजायचं सोडून दिलं. बहुतेकांचं उत्तर एका शब्दाचं आहे – ‘नंतर’ दाबतो.

उत्तरांआधी एक कबुली देऊन टाकते. हे सदर लिहायला लागण्यापूर्वी एकवीस वर्षं मी पुण्यात एका सॉफ्टवेअर कंपनीत होते आणि माझं काम हेच होतं : पडद्यावर येणारा मजकूर लिहायचा. ‘काही त्रुटी दूर केल्या असून कार्यक्षमता वाढवली आहे’ हे वाक्य मी किती वेळा लिहिलं असेल, देव जाणे. इंजिनिअर मंडळी शुक्रवारी सहा वाजता बदलांची यादी पाठवायची, सातची बस गाठायची असायची, आणि यादीतलं निम्मं मला कळायचं नाही. मग हे वाक्य. तेव्हा पुढे कुठे मी या मजकुरांवर तोंडसुख घेतलं, तर त्यात माझाही वाटा आहे असं धरून चाला.

प्रश्न : ताई, मी पतसंस्थेतून निवृत्त झालेला कारकून. २०२३ च्या अखेरीस लॅपटॉप घेतला. नेट मोबाइलच्या हॉटस्पॉटवर, रोजचा दीड जीबी. मे २०२४ मध्ये एक अपडेट आलं, त्याचं नाव वहीत उतरवून ठेवलंय : ‘२०२४-०५ क्युम्युलेटिव्ह अपडेट फॉर विंडोज ११ व्हर्जन २३एच२ फॉर एक्स६४-बेस्ड सिस्टिम्स (केबी५०३७७७१)’. पन्नास लाख सदतीस हजार सातशे एकाहत्तर केबी म्हणजे पाच जीबी झाले. एवढा डेटा आणू कुठून? डाउनलोडचं बटण दाबलंच नाही. पुढेही जे येतं ते पन्नास लाखांच्या वरच. दर महिन्याला इतकी मोठी दुरुस्ती निघते तरी कशी?
– एक वाचक, चिपळूण

उत्तर : काका, पत्र वाचून आधी हसले. मग हसू आवरलं, कारण तुमचं गणित चोख आहे. कंसात ‘केबी’ आणि पुढे आकडा असेल, तर शहाण्या माणसानं तो आकारच समजायचा. आपण सगळे केबी, एमबी, जीबी मोजत जगतो.

पण हा ‘केबी’ वेगळा. ‘नॉलेज बेस’ची ती आद्याक्षरं. मायक्रोसॉफ्टकडे माहितीच्या लेखांचं एक भलंमोठं कपाट आहे, त्यातल्या लेखाचा हा क्रमांक. तुमच्या भाषेत सांगायचं तर कर्जाच्या फाइलचा नंबर. फाइल नंबर ५०३७७७१ आहे म्हणून कर्ज पन्नास लाखांचं होत नाही.

बाकीचं नावही फोडून सांगते, कारण ते कुणी सांगत नाही. ‘२०२४-०५’ म्हणजे २०२४ चा मे महिना. ‘२३एच२’ म्हणजे २०२३ च्या उत्तरार्धात निघालेली विंडोजची आवृत्ती. ‘एक्स६४’ हा तुमच्या प्रोसेसरचा प्रकार. त्याच्याशी तुम्हाला घेणंदेणं नाही. आणि ‘क्युम्युलेटिव्ह’ला तुमच्या पतसंस्थेत नेमका शब्द आहे : ‘मागील बाकीसह’. मधले हप्ते चुकले तरी हरकत नाही, शेवटचं घेतलं की त्यात मागचं सगळं आलं.

इतक्या लांब नावात किती डेटा लागेल, किती वेळ जाईल, काय दुरुस्त होणार, यातलं एकही नाही. हे नाव गोदामातल्या खोक्यावरच्या चिठ्ठीसारखं आहे. गोदामवाल्याला खोकं ओळखायला ते उत्तम. तेच खोकं जसंच्या तसं गिऱ्हाइकासमोर ठेवलं, इथे घोळ झाला. ही नावं सुटसुटीत करणार असल्याचं मायक्रोसॉफ्टनं २०२५ च्या अखेरीस जाहीर केलं. म्हणजे त्यांनाही ते जाणवलं म्हणायचं. कंसातला केबी मात्र आहे तिथेच आहे.

आता तुमच्यापुरतं. नेहमीचं मासिक अपडेट सहसा काही शे एमबींत भागतं. लॅपटॉप आपण होऊन डाउनलोड न करता तुम्ही बटण दाबण्याची वाट पाहत राहिला, त्याचं कारण बहुधा असं की तुमच्या हॉटस्पॉटवर कुणीतरी ‘मीटर्ड कनेक्शन’ची, म्हणजे ‘इथे डेटा मोजूनमापून मिळतो’ अशी खूण करून ठेवली आहे. ती सोय चांगली आहे, राहू द्या. मात्र २३एच२ या आवृत्तीला घरगुती लॅपटॉपवर सुरक्षा दुरुस्त्या मिळणं ११ नोव्हेंबर २०२५ ला थांबलं. त्यामुळे आता तुम्हाला एकदा पुढच्या आवृत्तीवर जावं लागेल आणि ते डाउनलोड मात्र खरोखरच जीबींत मोजायचं आहे. गणपतीला पुतणे-भाचे ज्या घरी जमतात तिथे ब्रॉडबँड असेलच. लॅपटॉप चार्जरसकट घेऊन जा आणि आरतीच्या आधी लावून ठेवा.

प्रश्न : आमचं ई-सेवा केंद्र आहे, पाच कंप्युटर. प्रवेशाच्या फॉर्मचा शेवटचा दिवस, दुपारचे चार, समोर सात जण रांगेत, आणि मधला कंप्युटर आपला आपण बंद होऊन परत चालू व्हायला लागला. पडद्यावर ‘अपडेट चालू आहे, ३४ टक्के, बंद करू नका’. चाळीस मिनिटं तसंच. एका मुलीचा अर्धा भरलेला फॉर्म गेला, तिची आई माझ्यावर ओरडली. रोज तो मेसेज यायचा, आम्ही रोज फुली मारायचो. फुली मारली म्हणजे नको, एवढंही यांना कळत नाही का? आणि नाहीच केलं अपडेट, तर असं काय बिघडतं?
– केंद्रचालक, बार्शी तालुका

उत्तर : फुलीपासून सुरुवात करते, कारण तिच्यावर खरोखर रामायण घडलेलं आहे.

२०१६ ची गोष्ट. जुनं विंडोज असलेल्यांना विंडोज १० फुकट देण्याची मायक्रोसॉफ्टची योजना चालू होती, तिची मुदत २९ जुलै २०१६ पर्यंत. त्यासाठी पडद्यावर वारंवार एक चौकट यायची. त्या वर्षीच्या मे महिन्यात चौकटीचं रूप असं झालं की त्यात अपग्रेडची वेळ आधीच ठरवलेली असायची, आणि कोपऱ्यातली फुली मारली तर चौकट जायची पण ठरलेली वेळ तशीच राहायची. फुली म्हणजे ‘वाचलं, ठीक आहे’ असा अर्थ त्यांनी धरला. शाळेत पहिलीपासून आपण फुली म्हणजे ‘चूक’ किंवा ‘नको’ हेच शिकतो. अमेरिकेतही वेगळं शिकवत नाहीत. लोक सकाळी उठून बघतात तर कंप्युटरचा चेहराच बदललेला. ओरड झाली, आणि जूनच्या अखेरीस कंपनीनं ‘ही ऑफर नको’ असा स्वच्छ पर्याय द्यायचं मान्य केलं. त्याच सुमारास कॅलिफोर्नियातल्या एका प्रवास व्यवसाय चालवणाऱ्या बाईंना अशाच न मागितलेल्या अपग्रेडपायी कोर्टात १०,००० डॉलर मिळाले. कंपनीनं अपील मागे घेतलं.

तेव्हा तुमचं म्हणणं रास्तच आहे. फक्त आजच्या मेसेजवरची फुली म्हणजे ‘नको’ नसून ‘आत्ता समोरून हल’ एवढीच असते, हे ध्यानात ठेवा. मेसेज जातो, काम रांगेत राहतं.

तुम्ही कोणती सिस्टिम ते लिहिलेलं नाही. केंद्रांमध्ये बहुधा विंडोज असतं, म्हणून त्याचं सांगते. मायक्रोसॉफ्टचा नियमित हप्ता महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी निघतो. ही प्रथा २००३ पासूनची. तिकडे अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर सकाळचे दहा वाजलेले असतात, म्हणजे आपल्याकडे उन्हाळ्यात रात्रीचे साडेदहा आणि हिवाळ्यात साडेअकरा. तुमच्यापुरतं सांगायचं, तर त्या मंगळवारनंतरचा बुधवार. भिंतीवरच्या कॅलेंडरवर संकष्टीसारखी खूण करून ठेवा. बुधवारी किंवा गुरुवारी रात्री शटर ओढण्याआधी पाचही कंप्युटरांवर ‘अपडेट अँड शट डाउन’ निवडायचं. पॉवरच्या चिन्हावर नारिंगी ठिपका दिसला की काम बाकी आहे असं समजा.

(या बटणाचीही एक गंमत. बऱ्याच यंत्रांवर ‘अपडेट अँड शट डाउन’ दाबलं की अपडेट व्हायचं, पण यंत्र शट डाउन होण्याऐवजी परत चालू होऊन रात्रभर जळत राहायचं. वर्षानुवर्षं लोक आपलीच चूक समजत होते. विंडोज ११ मध्ये त्याची दुरुस्ती ऑक्टोबर २०२५ च्या अखेरच्या अपडेटमध्ये आली.)

दुसरं, सेटिंग्जमध्ये विंडोज अपडेट, तिथे अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स, आणि त्यात ‘अ‍ॅक्टिव्ह अवर्स’ असतं. त्या वेळेत यंत्र आपण होऊन रीस्टार्ट होत नाही. २०१६ मध्ये ही सोय आली तेव्हा जास्तीत जास्त बारा तास देता यायचे, आता अठरा देता येतात. सकाळी सात ते रात्री अकरा लावून टाका. आणि फॉर्मांचा हंगाम असेल तेव्हा ‘पॉज’ करा, पाच आठवड्यांपर्यंत थांबवता येतं. हंगाम संपला की पॉज काढायचा, हे मात्र कुणीतरी पदरी घ्यायला हवं.

चौतीस टक्क्यांबद्दल. ते टक्के वेळेचे नसतात, कामांच्या यादीतले असतात. यादीतली पहिली तीस कामं चुटकीसरशी होतात आणि एकतिसावं वीस मिनिटं खातं. म्हणून ३४ वर कपाळाला हात लावून बसलेल्या माणसाशी पडदा खोटं बोलत नसतो, पण त्याला हवं ते सांगतही नसतो. त्याला आकडा हवा असतो तो मिनिटांचा. विंडोज ११ मध्ये रीस्टार्टच्या पर्यायाशेजारी अंदाजे मिनिटं दिसायला लागली, पण सुरुवातीला ती एसएसडी, म्हणजे नव्या वेगवान डिस्क असलेल्या यंत्रांवरच. जुन्या हार्ड डिस्कवर, जिथे सगळ्यात जास्त वेळ लागतो, तिथे अंदाज नाही. ज्याचं पोट दुखतं त्यालाच ओवा नाही.

आणि नाही केलं तर? १४ मार्च २०१७ ला मायक्रोसॉफ्टनं विंडोजमधल्या एका भोकाची दुरुस्ती दिली. १२ मे २०१७ ला त्याच भोकातून ‘वॉनाक्राय’ नावाचा खंडणीखोर प्रोग्राम जगभर शिरला. फायली कुलूपबंद करून पैसे मागायचा. ब्रिटनमधल्या सरकारी इस्पितळांना रुग्ण परत पाठवावे लागले, आपल्याकडे आंध्र प्रदेशात पोलिसांचे काही कंप्युटर अडकले. मधे एकोणसाठ दिवस होते. या एकोणसाठ दिवसांत कितीतरी लोकांनी तुमच्यासारखीच रोज फुली मारली असणार, कारण मेसेजात ‘सिक्युरिटी अपडेट’ एवढंच होतं आणि ते दर महिन्यालाच असतं. तुमच्याकडे लोकांचे आधार, उत्पन्नाचे दाखले, बँक पासबुकं स्कॅन केलेली पडून असतात, म्हणून थोडं जोर देऊन लिहिते.

प्रश्न : माझ्या फोनला चार वर्षं झाली. आमच्या भिशीत सगळ्याजणी म्हणतात, अपडेट केलं की फोन मंद होतो आणि मग नवा घ्यायला लागतो. कंपन्या मुद्दाम करतात. खरं का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : भिशीतल्या मैत्रिणी अगदीच हवेत बोलत नाहीयेत. ऑक्टोबर २०१८ मध्ये इटलीच्या स्पर्धा आयोगानं याच कारणावरून अ‍ॅपलला १ कोटी आणि सॅमसंगला ५० लाख युरोंचा दंड केला. सॅमसंगच्या बाबतीत नोट ४ या जुन्या फोनच्या मालकांना नव्या नोट ७ साठी बनवलेली अँड्रॉइडची आवृत्ती घ्यायला वारंवार सुचवलं गेलं होतं, आणि जुन्या फोनला ती झेपेना. फेब्रुवारी २०२० मध्ये फ्रान्सनं अ‍ॅपलला अडीच कोटी युरोंचा दंड केला. तिथला मुद्दा बारकाईनं बघा. फोन मंद केल्यापेक्षा, आयओएस (आयफोनची सिस्टिम) १०.२.१ आणि ११.२ ही अपडेट घेतल्यास फोन मंद होऊ शकतो हे ग्राहकाला सांगितलं नाही, यावर तो दंड होता. न लिहिलेल्या एका वाक्याची किंमत अडीच कोटी युरो. माझ्या जुन्या साहेबांना कधी भेटले तर हे ऐकवणार आहे.

गंमत अशी की त्या मंद करण्यामागचं कारण पटण्यासारखं होतं. थकलेली बॅटरी एकदम जास्त वीज देऊ शकत नाही, मग फोन वीस-तीस टक्के चार्ज असतानाही पटकन बंद पडतो. तसं होऊ नये म्हणून फोनचा वेग आवरला होता. ‘तुमची बॅटरी थकली आहे. फोन अचानक बंद पडू नये म्हणून तो थोडा हळू चालेल. बॅटरी बदलली की पूर्वीसारखा होईल.’ एवढं पडद्यावर आलं असतं तर लोकांनी बॅटरी बदलली असती, फोन नव्हे. डिसेंबर २०१७ मध्ये बिंग फुटल्यावर कंपनीनं माफी मागितली आणि अमेरिकेत बॅटरी बदलण्याचा दर ७९ डॉलरवरून २९ वर आणला.

तुम्ही आता काय करायचं? अपडेट दोन जातींची असतात आणि दोन्ही एकाच घंटीनं येतात, हे खरं दुखणं आहे. एक म्हणजे दाराची कडी दुरुस्त करणं : सुरक्षा पॅच. दुसरं म्हणजे घराला रंग, फर्निचरची हलवाहलव : नवी आवृत्ती. पहिलं जेव्हा येईल तेव्हा घ्यायचं, त्यात फोनचा चेहरा बदलत नाही. दुसरं जुन्या फोनवर आलं तर आठ-पंधरा दिवस थांबा, तोच फोन वापरणाऱ्या कुणाला विचारा, मग घ्या. अँड्रॉइडमध्ये सेटिंग्जच्या ‘अबाउट फोन’मध्ये अँड्रॉइडच्या आवृत्तीवर टिचकी मारली की सुरक्षा अपडेटची तारीख दिसते. तुमची काय आहे बघा. दोन वर्षांपूर्वीची असेल आणि नवं काही येतच नसेल, तर कंपनीनं तुमचा फोन सोडून दिलाय, आणि त्यावरून बँकेचे व्यवहार करू नका.

प्रश्न : बातम्या वाचताना मोबाइलवर लाल मेसेज आला, ‘तुमचा फोन अपडेट नाही, १३ व्हायरस सापडले, इथे दाबा’. मी दाबलं नाही. बरोबर केलं का?
– एक वाचक, परभणी

उत्तर : शंभर टक्के बरोबर. वेबसाइटच्या पानात येणारा अपडेटचा मेसेज फोनचा नसतोच. व्हॉट्सअ‍ॅपवर ‘चलान’, ‘योजना’, ‘केवायसी’ अशा नावानं येणाऱ्या एपीके फायलीही (दाबलं की फोनमध्ये परकं अ‍ॅप घालणाऱ्या) तशाच. शंका आली की मेसेजला हात न लावता स्वतः सेटिंग्जमध्ये जाऊन बघायचं, अपडेट खरं असेल तर तिथे असेल. कुणी दाबून पैसे गेलेच, तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या मदतक्रमांकाला फोन करा.

प्रश्न : आमच्या शाळेच्या संगणक कक्षात आठ जुनी यंत्रं आहेत, एका माजी विद्यार्थ्यानं विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही मोफत सिस्टिम घालून दिलीय. कोपऱ्यात ढालीचं चित्र असतं आणि कधी कधी त्यावर ठिपका येतो. मुलं म्हणतात अँटिव्हायरस आहे. तो अपडेटचा मेसेज आहे हे मला दोन वर्षांनी कळलं. इतका गुपचूप मेसेज काय कामाचा? कक्ष आठवड्यातून एकदाच, शनिवारी उघडतो.
– शिक्षक, गडहिंग्लज

उत्तर : सर, तुमच्या पत्राची मी वाट बघत होते म्हणा ना. बार्शीच्या केंद्रात मेसेज अंगावर येतो, तुमच्याकडे तो दाराआड उभा राहून खाकरतो. नेमकं कुठे उभं राहावं हा प्रश्न मिंट बनवणाऱ्यांनाही पडला होता आणि त्यांचं उत्तर मला फार आवडतं.

फेब्रुवारी २०२१ मध्ये त्यांच्या लक्षात आलं की पुष्कळ लोक अपडेट घेतच नाहीत. २०१९ मध्ये मुदत संपलेली १७ क्रमांकाची आवृत्तीसुद्धा लोक चालवत होते. जबरदस्तीनं अपडेट लादायचं हे त्यांच्या बुद्धीला पटेना. मग त्या वर्षीच्या जुलैत आलेल्या २०.२ आवृत्तीत त्यांनी आठवण करून देणारी एक छोटी चौकट घातली. ती कधी दिसते त्याचा नियम बघा : एखादं अपडेट येऊन तुमचे कंप्युटरवर बसण्याचे सात दिवस उलटले, किंवा कॅलेंडरचे पंधरा दिवस उलटले, तर. आणि गेल्या तीस दिवसांत तुम्ही एखादं अपडेट केलेलं असेल, तर ती गप्प बसते. हे आकडे बदलताही येतात.

‘कंप्युटरवर बसण्याचे दिवस’ वेगळे मोजायचे, हे ज्याला सुचलं त्यानं माणसं पाहिली आहेत. रोज बसणाऱ्याला आठवड्याभरात आठवण होते. तुमच्या शनिवारच्या कक्षात त्याच नियमानं सात शनिवार, म्हणजे जवळजवळ दोन महिने गेले असते. तिथे पंधरा दिवसांचा दुसरा नियम कामी येतो आणि तिसऱ्या-चौथ्या शनिवारी चौकट दिसते. कामात असलेल्याला टोकत नाही, विसरलेल्याला सोडत नाही.

तुमच्या यंत्रांवर २०.२ च्या आधीची आवृत्ती असेल तर त्या माजी विद्यार्थ्याला परत बोलवा, चहा-पोहे करा. मोठं काही करण्याआधी ‘टाइमशिफ्ट’नं आहे त्या स्थितीची नोंद करून ठेवायला सांगा, बिघडलं तर मागे येता येतं. आणि मुलांपैकी एकाला ‘ढालमंत्री’ करा. मंत्रिपदासाठी मुलं काहीही करतात.

प्रश्न : विंडोज १० संपलं म्हणतात. कंप्युटर बंद पडणार का?
– एक वाचक, वाशीम

उत्तर : नाही. १४ ऑक्टोबर २०२५ नंतर त्याला फुकटच्या नियमित सुरक्षा दुरुस्त्या मिळत नाहीत, एवढाच अर्थ. घरगुती वापरासाठी नाव नोंदवून १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची मुदतवाढ मिळते, विंडोज अपडेटच्या पानावर त्याचा दुवा दिसतो. ‘संपलं’ हा शब्द ज्यानं तुमच्यापर्यंत पोचवला तो बहुधा नवा कंप्युटर विकत असेल.

प्रश्न : ताई, मी एका मोबाइल कंपनीसाठी मराठी मजकूर लिहिते. इंग्रजीतून मेसेज येतो, आम्ही मराठी करून पाठवतो. अपडेटचे मेसेज मला स्वतःलाच कळत नाहीत असे होतात. कुठे चुकतं?
– एक वाचक, पुणे

उत्तर : ये गं, तू माझ्या बिरादरीतली. तुला जरा सविस्तर लिहिते.

पहिली गोष्ट कुणी सांगत नाही ती. मराठीत क्रियापद शेवटी येतं आणि फोनवरचा मेसेज शेवटी कापला जातो. ‘तुमच्या डिव्हाइससाठी महत्त्वाचे सुरक्षा अपडेट डाउनलोड करून स्थापित…’ आणि पुढे तीन टिंबं. स्थापित झालं? होतंय? करायचंय? होऊ शकलं नाही? सगळा जीव ज्या शब्दात होता तोच कापला गेला. इंग्रजीत ‘इन्स्टॉल’ पहिलाच शब्द असतो, शेपूट तुटली तरी चालतं. म्हणून आपण पहिलं वाक्य चार-पाच शब्दांचं करून तिथेच पूर्णविराम द्यायचा. ‘सुरक्षा दुरुस्ती तयार आहे.’ बाकी काय ते पुढच्या ओळीत.

दुसरं, बटणं. ‘अपडेट रद्द करायचे आहे का?’ आणि खाली दोन बटणं : ‘रद्द करा’ आणि ‘ठीक आहे’. आता ‘रद्द करा’ म्हणजे अपडेट रद्द, की रद्द करणं रद्द? हा माझाच प्रताप आहे, एका आवृत्तीत छापून गेला होता. बटण एकटं वाचलं तरी काय होणार ते कळायला हवं. ‘अपडेट थांबवा’, ‘चालू राहू द्या’. आणि ‘नंतर’ हे बटण तर लिहूच नकोस. नंतर म्हणजे पाच मिनिटांनी, रात्री की दिवाळीत? ‘उद्या विचारा’ लिही, आणि इंजिनिअरकडून उद्याच विचारलं जाईल याची खात्री करून घे.

तिसरं, शब्द. ‘अद्ययावतीकरण’ माझ्या हातून एकदाच लिहिलं गेलं. ते वाचून आई म्हणाली, ‘हे कुठलं खातं?’ ‘अपडेट’ सगळ्यांना कळतो. ‘स्थापना’ नको, आईनं विचारलं होतं, ‘स्थापना? गणपतीला अवकाश आहे ना अजून?’ सुरक्षेचं काम असेल तिथे मी तरी ‘दुरुस्ती’ म्हणते, आणि रंगरंगोटीला ‘नवी आवृत्ती’. सांगलीच्या पत्रातला घोळ शब्दांनीच निम्मा मिटतो.

माझी आई ही माझी परीक्षक होती. आता ती ब्याऐंशी वर्षांची आहे आणि अजूनही माझी परीक्षक आहे. तुझं पत्र आल्यावर मी एक मेसेज कागदावर लिहून तिला दाखवला :

‘सुरक्षा दुरुस्ती तयार आहे.
आज रात्री १ ते ४ च्या दरम्यान फोन स्वतः बंद होऊन चालू होईल. साधारण १० मिनिटं लागतील. फोटो, मेसेज, नंबर जसेच्या तसे राहतील. चार्जर लावून ठेवा.’
खाली दोन बटणं : ‘आज रात्री करा’, ‘उद्या विचारा’.

तिनं चष्मा सारखा करून दोनदा वाचलं. मला वाटलं, जमलं. मग तिनं विचारलं, ‘माझा साडेचारचा गजर वाजेल ना?’

प्रश्न मोठा रास्त आहे. फोन बंद होऊन चालू झाला की पहिल्यांदा पिन मागतो आणि पिन दिल्याशिवाय आतलं बरंचसं कुलूपबंद असतं. २०१६ च्या अँड्रॉइड ७ पासून गजरासारखी कामं पिनआधीही चालू शकतील अशी सोय आहे, पण ती त्या त्या अ‍ॅपनं करून घ्यावी लागते. एकवीस वर्षांत मला हे एकदाही सुचलं नव्हतं. जुन्या कंपनीतल्या एका इंजिनिअरला रात्री फोन करून विचारलं, तर तो म्हणाला, ‘वाजायला पाहिजे. थांब, लावून बघतो.’ सकाळी त्याचा मेसेज आला : फोनमधल्या घड्याळाचा वाजला, बाहेरून घेतलेल्या भजनांच्या गजराच्या अ‍ॅपचा नाही.

आईचा भजनांचाच आहे. तिला सांगितलं. ती म्हणाली, ‘मग तसं लिही की त्यात.’